कपाळावरचा हात कितीला पडतो?

दिवाळीच्या आगेमागे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात धानाची कापणी-मळणी सुरू झाली की घरोघर एकच तक्रार ऐकू येते. "डोस्कं फुटून रायलं जी. वाकलं का कपाळात दगड ठेवल्यावानी वाटते." मळणी यंत्रातून उडणारा भुसा, पहाटेची थंडी, चुलीचा धूर. नाक चोंदतं, गाल जड होतात, भुवयांच्या वर ठणका लागतो. याला आपण 'सायनस झाला' म्हणतो. खरं तर सायनस प्रत्येकालाच असतो. कपाळात, गालांत, नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या मागे खोलवर हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांचं हे नाव. सुजतं ते त्यांचं आतलं अस्तर. पण बोलण्यात रुळलेला शब्द आता कोण बदलणार!

या दुखण्यावर हाताने करायचे उपचार बरेच आहेत. आजीच्या ओव्याच्या पुरचुंडीपासून शहरातल्या मंद दिव्यांच्या खोलीत होणाऱ्या 'थेरपी'पर्यंत. दरेकशासारख्या डोंगरातल्या, रेल्वेच्या बोगद्याशेजारच्या गावातून यातल्या कशासाठी किती खर्च येतो आणि त्या पैशांत नेमकं काय मिळतं, याचा हा हिशेब. सरकारी दर आणि सवलती ठरलेल्या आहेत, तिथे नेमके आकडे दिले आहेत. खासगी दर ढोबळ आहेत, ते निघण्यापूर्वी फोन करून ताडून घ्यावेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हाताने आराम पडतो आणि आराम विकत घ्यायला काही हरकत नाही. फक्त आजार बरा करण्याच्या भावात तो घेऊ नका.

हात कुठवर पोचतो

सायनस म्हणजे हाडाची डबी. बाहेरून कितीही दाबलं तरी आतला शेंबूड पिळून निघत नाही. गालाच्या पोकळीची तर रचनाच अडचणीची आहे. तिचं नाकात उघडणारं भोक तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. त्यामुळे उभ्या-बसल्या माणसाचा गाल आपोआप रिकामा होत नाही, आणि अस्तर सुजून ते बारीक भोक बुजलं की दाब साठतो. उपाय लागू पडायला त्या भोकापाशची सूज उतरावी लागते. ते काम वाफ, मिठाचं पाणी, औषध किंवा नुसते गेलेले दिवस करतात.

मग मालिश करून बरं का वाटतं? चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी मोठी नस भुवईच्या आतल्या टोकाशी, डोळ्याच्या खाली आणि हनुवटीपाशी हाडातून बाहेर येते. तिथला हलका, स्थिर दाब दुखण्याची जाणीव बोथट करतो. शिवाय चार दिवस डोकं दुखलं की माणूस मान आखडून, दात आवळून वावरतो. त्या आखडलेल्या स्नायूंचं दुखणं कपाळावरच येऊन बसतं, आणि ते मात्र हाताने खरोखर सुटतं.

आणखी एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधी माहीत हवी. 'मला सायनसची डोकेदुखी आहे' म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २,९९१ जणांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांच्या डोकेदुखीची लक्षणं अर्धशिशीच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून गफलत होते. उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल, दुखणं महिन्याला ठरल्यासारखं येत असेल आणि नाकातून पिवळं-हिरवं काही येत नसेल, तर सायनसच्या नावाने दहा वेळा मालिश करून घेणं म्हणजे चुकीच्या दुकानात उधारी करणं.

पहिले दहा दिवस: शंभर-दीडशे रुपये

साध्या सर्दीतून आलेला सायनस बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि सात ते दहा दिवसांत आपला आपण उतरतो. एवढ्या दिवसांत प्रतिजैविकाच्या गोळ्यांची गरज क्वचितच पडते. घरात करायचं ते असं.

ओवा मूठभर घ्या, तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, मऊ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधा. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा, मग कपाळावर आणि गालांवर फिरवा. वास नाकात जातो, शेक कातडीला लागतो. ओव्याचे दहा-वीस रुपये झाले, तेही घरात नसला तर.

मग हात. कोमट तेलाचे दोन थेंब तळव्यावर चोळून घ्या. सुरुवात चेहऱ्यापासून करू नका, मानेपासून करा. कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत बोटं खाली उतरवा, पंधरा-वीस वेळा, मांजरीच्या पाठीवरून फिरवावीत इतकी हलकी. नंतर डोक्याच्या मागे, जिथे कवटी संपून मान सुरू होते, तिथल्या दोन खळग्यांत अंगठे टेकवून डोकं त्यांच्यावर सैल सोडा. मग भुवया. नाकाकडून कानशिलाकडे जात भुवई चिमटीत धरायची, सोडायची. आतल्या टोकाशी बोटाला एक बारीक खाच लागते, तिथे अर्धा मिनिट स्थिर दाब द्या. नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना तसाच दाब. शेवटी गालाच्या हाडाखालून कानाकडे बोटं ओढत न्या, तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे जबडा सैल राहतो. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. ॲक्युप्रेशरच्या वर्गात पैसे भरून शिकवतात ते बहुतांश हेच. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदूही ते दाबायला सांगतात, पण गरोदर बाईने तो टाळावा असा त्यांचाच दंडक आहे.

यावर भ्रामरी करा. तोंड मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणाट. हे नुसतं योगासनवाल्यांचं कौतुक नाही. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००२ साली मोजून दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत श्वासाच्या तुलनेत पंधरा पटीने वाढतो, म्हणजे पोकळ्यांतली हवा खेळती होते. फुकटातला हा सगळ्यात चांगला सौदा.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा घरगुती उपायांतला सर्वांत भरवशाचा. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं, हातपंपाचं, नाल्याचं कच्चं पाणी नाकात घालू नये. मेंदूपर्यंत जाणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा याच वाटेने शिरतो. प्लॅस्टिकचं नेतीपात्र शंभर-दीडशेला मिळतं, औषध दुकानातली पिचकारीची बाटली आणि पुड्यांचा संच चारशे-सहाशेच्या घरात जातो. पात्र पुरेसं आहे.

वाफेसाठी तीनशेचं यंत्र घेतलं तर उत्तम, नाहीतर पातेलं. पण पातेल्याची वाफ लहान मुलांना देऊ नका. वाफेपेक्षा उकळतं पाणी अंगावर सांडण्याचीच भीती मोठी. कापराचा बाम लहानग्यांच्या नाकाला लावणंही धोक्याचं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मिळतात शंभरेक रुपयांत. ते पाच दिवसांपलीकडे घेतले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. वर्ष-वर्ष खिशात ती बाटली बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत.

सलूनची खुर्ची

कटिंग-दाढीनंतरची चंपी. गावात पन्नासाला, गोंदियात शंभर-दीडशेला. कपाळ, कानशिलं, टाळू चोळून माणूस पाच मिनिटं राजा होतो. मला स्वतःला ती आवडते. पैसे वसूल.

पण शेवटी कारागीर हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा हात घालून मान कट्टकन वाजवतो, ते करू देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. खुर्चीत बसतानाच सांगावं, "भाऊ, मान नको वाजवू." एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

नस्य: पैसे कुठे जातात

आयुर्वेदात या दुखण्यावर हाताचा सर्वांत रीतसर उपचार म्हणजे नस्य. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा २०वा अध्याय अख्खा नस्यविधीला दिला आहे. प्रत्यक्षात होतं असं: चेहरा, मान, खांदे यांना तेलाचा मसाज, त्यावर वाफेचा शेक. मग टेबलावर उताणं झोपवून डोकं थोडं खाली झुकवतात आणि कोमट औषधी तेल, बहुधा अणुतैल, दोन्ही नाकपुड्यांत मोजून सोडतात. त्यानंतर तळहात-तळपाय चोळतात. घशात उतरलेलं गिळायचं नसतं, थुंकायचं, आणि शेवटी गरम पाण्याच्या गुळण्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. सहसा सात दिवसांचा क्रम सांगतात. ताप असताना, जेवणानंतर लगेच किंवा गरोदरपणात नस्य करत नाहीत. हे न विचारता थेट टेबलावर झोपवणारा वैद्य असेल, तर चपला घालून निघावं.

खासगी दवाखान्यात एका वेळेचे ४०० ते १,००० रुपये धरा. गोंदियात खालच्या बाजूला, नागपुरात वरच्या. सात दिवसांचे तीन ते सात हजार. इथे फसगत होते ती जाहिरातीतल्या आकड्यात: 'नस्य २०० रुपये' म्हणजे फक्त थेंब. मसाज वेगळा, शेक वेगळा, तेलाची बाटली वेगळी. विचारायचा प्रश्न एकच, "सगळं धरून एका दिवसाचे किती?" आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

सालेकसा तालुक्यातल्या माणसाला हा खर्च कसा दिसतो तेही बघा. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सहाशेची एक बैठक म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी, वर जाण्या-येण्यात तो दिवस बुडाला तो निराळा. सात बैठकांत महिन्याच्या कमाईचा मोठा तुकडा जातो. त्यापेक्षा नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे पंचकर्म विभाग आहे आणि सरकारी दराने काम होतं. नागपुरात राहायला कुणी नातलग असेल तर हा पर्याय सगळ्यांत परवडणारा. नसेल तर लॉजचं भाडं बचत खाऊन टाकतं.

एकदा वैद्याने शिकवलं की घरी दोन-दोन थेंब टाकण्याचं हलकं नस्य करता येतं. अणुतैलाची छोटी बाटली शंभर-सव्वाशेच्या आत मिळते आणि दोन महिने पुरते.

फिजिओथेरपी, आणि शहरातल्या नव्या थेरप्या

फिजिओथेरपिस्टकडे हात आहेत आणि यंत्रंही. सायनससाठी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक आपल्याकडे जुना. गालावर अल्ट्रासाउंड फिरवण्याची पद्धतही आहे. खासगीत बैठकीचे ३०० ते ६००. माझ्या मते त्यांची खरी किंमत यंत्रापेक्षा मानेच्या कामात आहे. डोकेदुखीचं मूळ मानेत असेल तर फिजिओथेरपिस्ट ते चार बैठकांत हेरतो आणि घरी करायचे व्यायाम लिहून देतो. मग पाचव्या बैठकीचे पैसे वाचतात.

पुण्या-मुंबईत आणि थोडंफार नागपुरात 'क्रेनिओसेक्रल' नावाची थेरपी मिळते. कवटीवर पाच ग्रॅमच्या वजनाएवढा स्पर्श ठेवून आतल्या द्रवाची लय सुधारल्याचा दावा असतो. बैठकीला दीड-दोन हजारांपासून पुढे. मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं बोटांच्या दाबाने सरकत नाहीत आणि सायनस बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. तासभर शांत पडून राहण्याचं सुख मिळतं, ते खरं. दरेकशाहून त्यासाठी गाडीत बसू नये.

बिलावर एक नजर टाकायची सवय ठेवा. नोंदणीकृत डॉक्टर, वैद्य किंवा दवाखान्याच्या उपचारावर जीएसटी लागत नाही. स्पा, मसाज पार्लर यांच्या सेवेवर लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. म्हणजे बिलावर जीएसटी दिसला तर तुम्ही उपचार नव्हे, आराम विकत घेतलात, हे सरकारनेच लिहून दिलं. आणि अजूनही कुणी १८ टक्के लावत असेल तर तिथेच थांबवा.

आधी निदान, तेही फुकट

१५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत. दरेकशाचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सालेकशाचं ग्रामीण रुग्णालय यात येतं. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञ डॉक्टरशी मोबाईलच्या पडद्यावर बोलता येतं, तेही विनामूल्य. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१६ साली सुरू झालेलं, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे नाममात्र शुल्क लागतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ तिथे भेटतात. गोंदियात खासगी तज्ज्ञाची फी तीनशे ते सहाशे. गरज पडली तर नाकात दुर्बीण घालून बघतात, त्याचे हजार-दीड हजार वेगळे. सीटी स्कॅन खासगीत दोन ते चार हजार. साध्या, पहिल्यांदा झालेल्या सायनसला तो लागत नाही. पहिल्याच भेटीत स्कॅनची चिठ्ठी मिळाली तर "याने औषध बदलेल का?" असं नम्रपणे विचारावं.

शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेली तर खासगीत पन्नास हजारांपासून पुढे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

जाण्या-येण्याचं बघू. दरेकसा हे मुंबई-हावडा मार्गावरचं गोंदिया आणि डोंगरगडच्या मधलं छोटं स्टेशन. लांबच्या गाड्या धडधडत बोगद्यातून निघून जातात, थांबते ती मेमू-पॅसेंजर. गोंदियापर्यंत साध्या डब्याचं तिकीट दहा-पंधरा रुपये. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना फुकट. एक गंमत अशी की रेल्वेने इथून नागपूरपेक्षा रायपूर जवळ आहे, आणि एम्स दोन्हीकडे आहे. आयुष्मान भारतचं कार्ड छत्तीसगडातही चालतं. महात्मा फुले योजनेसाठी मात्र महाराष्ट्रातलं रुग्णालय धरणंच सोयीचं.

हात लावायच्या आधी डॉक्टर

काही लक्षणांत मालिश, शेक, नस्य यातलं काहीही करत बसायचं नाही. डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे आल्यासारखा, दोन-दोन दिसणं, मान ताठ होऊन ताप, बोलण्यात गोंधळ: थेट १०८ला फोन. मधुमेह्याच्या एका बाजूच्या गालात दुखत असेल, गाल बधिर झाला असेल किंवा नाकातून काळपट येत असेल तर एक दिवसही थांबू नये. २०२१च्या कोरोना लाटेनंतर काळ्या बुरशीने विदर्भात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. एकाच बाजूला घाण वास येत असेल तर वरची दाढ दाखवा. तिचं मूळ सायनसच्या तळाला टेकलेलं असतं, आणि अशा वेळी दंतवैद्याचं एक बिल वर्षभराच्या मालिशपेक्षा स्वस्त पडतं. दहा दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, तरी डॉक्टरच.

पाटी वाचताना नोंदणी क्रमांक बघा. आयुर्वेदाच्या वैद्याची नोंद महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, फिजिओथेरपिस्टची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. मालिशवाल्याची नोंद कुठेच नसते. त्याच्या हाताला गुण नाही असं नव्हे, पण 'मुळापासून सायनस बरा' अशी हमी तो देत असेल तर ती हमी घेणारं मागे कुणी नाही. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. एक बैठक करा, दोन दिवस बघा, मग दुसरी. पावती मागा. मला एका ठिकाणी "पावती कशाला, विश्वास नाही का?" असं ऐकवलं गेलं होतं आणि सहाव्या बैठकीला त्या दाराला कुलूप होतं. पावती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे फी भरावी लागत नाही.

गोंदियाला निघायच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्रात विचारून कान-नाक-घसा ओपीडीचे वार आणि वेळ पक्की करा. आधार, रेशनकार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाका, आणि सकाळचीच गाडी धरा.